बेरोजगार भत्ता : उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्टा

नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला दुसरे काम मिळेपर्यंत, ठरावीक मुदतीपुरती मिळणारी रोख मदत. ती कर्मचारी राज्य विमा महामंडळ, म्हणजे कामगारांच्या तोंडी ‘ईएसआय’, देते. प्रत्येक बेकाराला सरसकट दरमहा भत्ता देण्याची व्यवस्था महाराष्ट्रात नाही. महास्वयम् पोर्टलवर नाव नोंदवले की नोकऱ्यांची माहिती मिळते, पैसे मिळत नाहीत. ही गल्लत नेहमीची आहे.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात आजारपण, बाळंतपण, कामावरची इजा यांची सोय होती, बेकारीची नव्हती. ती आली २००५ मध्ये, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून. कारखाना कायमचा बंद पडला, कामगारकपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघाताने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आले, तरच ही योजना लागू होते. भत्त्याची मुदत सुरुवातीला सहा महिने होती. ती वाढत दोन वर्षांवर गेली. पहिल्या वर्षी वेतनाच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के, असे भत्त्याचे दर. दिवाळखोर उद्योगांच्या काळाला साजेशी ही तरतूद आहे. अंबरनाथला विम्को नाका उरला, पण ज्या आगपेटीच्या कारखान्यावरून ते नाव पडले तो राहिला नाही. शेजारच्या मोहन्याची एनआरसी ही रेयॉन कंपनी २००९ मध्ये बंद पडली आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे रेंगाळली.

आज मात्र एमआयडीसीत नोकरी जाते ती बहुधा एकेकट्याची. आनंदनगर किंवा बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदार माणसाला ‘ब्रेक’ देतो, ऑर्डर कमी झाली म्हणून घरी बसवतो. कारखाना चालूच असतो. अशांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून आली. आयुष्यभरात मिळून ९० दिवसांपुरता भत्ता, आणि तोही आधी सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्केच. टाळेबंदीच्या वर्षी, २०२० मध्ये, तो ५० टक्के झाला. त्याच वेळी ९० दिवसांऐवजी ३० दिवसांनी दावा करण्याची मुभा मिळाली. दावा मालकामार्फत न पाठवता थेट शाखा कार्यालयाकडे करण्याची सोयही तेव्हाचीच, आणि दरवाढीइतकीच मोलाची: ज्याने कामावरून काढले त्याच्याच सहीसाठी गेटवर ताटकळणे त्यामुळे टळले. वाढीव दराला पुढे वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली.

हिशोब असा. मागच्या चार सहामाही वर्गणी-कालावधींतले एकूण वेतन घ्यायचे आणि ७३० ने भागायचे. दोन वर्षे सलग १५,००० रुपये पगार असलेल्याची रोजची सरासरी सुमारे ४९३ रुपये येते. निम्म्या दराने ९० दिवसांचे साधारण २२,००० रुपये होतात. मध्ये ‘ब्रेक’ पडले असतील तर भाजक तोच राहतो आणि रक्कम घटते. किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी आणि लगतच्या कालावधीत, तसेच त्याआधीच्या तीनपैकी एका कालावधीत, प्रत्येकी किमान ७८ दिवसांची वर्गणी, ही पात्रता. आधार व बँक खाते जोडलेले असावे लागते. विम्याची वेतनमर्यादा २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे.

खरी मेख नोकरी सुटण्याच्या कारणात आहे. गैरवर्तनाबद्दल काढलेल्याला, वयाने निवृत्त झालेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला भत्ता नाही; बेकायदा ठरलेल्या संपातही नाही. ‘राजीनामा लिहून दे, मग हिशोब घे’ हे वाक्य या पट्ट्यात नवे नाही. शिल्लक पगाराच्या घाईत सही झाली की कपात कागदावर राजीनामा ठरते. मग भत्त्याबरोबर कपातीची भरपाईही, म्हणजे दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, वादात पडते. सहीपूर्वी त्या कागदाची मोबाइलवर एक प्रत ठेवणे कोणत्याही अर्जापेक्षा उपयोगी.

भत्त्याच्या काळात ईएसआयचे वैद्यकीय उपचार चालू राहतात. उल्हासनगरला योजनेचे रुग्णालय आहे, आणि बेकारीत घरच्या आजारपणाचा खर्च वाचणे कित्येकदा रोख रकमेपेक्षा जड भरते. भविष्य निर्वाह निधी, म्हणजे ‘फंड’, काढणे ही वेगळी गोष्ट: ते पैसे कामगाराच्या स्वतःच्या बचतीचे असतात.

उल्हासनगरच्या जीन्स धंद्यातले शिलाई कारागीर बहुतांशी या चौकटीबाहेर आहेत. विमा कायदा दहा किंवा अधिक माणसांच्या कामाच्या जागेला लागतो; कॅम्प पाचच्या गल्ल्यांतले छोटे गाळे, नगावर मिळणारी मजुरी, हजेरीपट नाही. प्रदूषणाच्या कारणावरून वालधुनीकाठचे जीन्स धुलाईचे कारखाने बंद झाले तेव्हा तिथल्या बहुतेक मजुरांकडे दावा करण्यासाठी विमा क्रमांकच नव्हता.

दुसरे काम मिळाले की त्या दिवसापासून भत्ता थांबतो. नव्या मालकाला जुनाच विमा क्रमांक द्यावा. नवा काढला तर आधीच्या वर्षांची वर्गणी दुसऱ्याच खात्यावर पडून राहते.