पापलेट, ट्यूना आणि सातचा हिशेब

सातपाटीच्या माणसाला तारापूरची अणुभट्टी काही नवी नाही. किनाऱ्याने थोडं उत्तरेला, 28 ऑक्टोबर 1969 पासून चालू, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. पण 'किरणोत्सर्ग' हा शब्द असलेला फॉरवर्ड फोनवर आला की बंदरावर पहिला प्रश्न एकच: उद्या पापलेट खपेल का? आजची गोष्ट म्हणूनच मच्छीमारांची आहे. फक्त बोट जपानची.

1 मार्च 1954. पॅसिफिक महासागरात बिकिनी बेटांवर अमेरिकेने 15 मेगाटनचा हायड्रोजन बॉम्ब फोडला. 'दाइगो फुकुर्यू मारू' ही ट्यूना पकडणारी बोट तेव्हा जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. बोटीवर 23 जण. काही तासांनी वरून पांढरी राख पडायला लागली. प्रवाळाचा भुगा होता तो, बॉम्बच्या कचऱ्याने माखलेला. केसांत, कपड्यांत, डेकवर, सगळीकडे. तशीच ती बोट 14 मार्चला याइझु बंदराला लागली.

आता हिशेब बघा, सोपा आहे. या राखेत शेकडो प्रकारचे अस्थिर अणू असतात. काही सेकंदांत संपतात, काही वर्षानुवर्षं टिकतात. त्यामुळे अख्ख्या राखेला एकच हाफ-लाइफ नसते. अंदाजासाठी एक नियम वापरतात: काळ सातपट झाला की मारा दहावा भाग उरतो. स्फोटानंतर एका तासाने 100 धरा. सात तासांनी 10. 49 तासांनी, म्हणजे दोन दिवसांनी, 1. आणि दोन आठवड्यांनी 0.1.

म्हणजे याइझुला पोचेपर्यंत राखेचा जोर जवळजवळ हजारपट उतरला होता! पण त्याआधीचे सगळ्यात वाईट तास आणि दिवस ही माणसं तिच्यातच जेवली, झोपली. रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा 23 सप्टेंबरला गेले. जपानमध्ये शेकडो टन मासळी फेकावी लागली, भाव पडले. त्यातली बरीच मासळी तर दुसऱ्याच बोटींची होती. कोळीवाड्यात हे वेगळं समजवावं लागत नाही.

2 एप्रिलला नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या निदान थांबवून ठेवा अशी मागणी केली. हवेतल्या चाचण्यांवर बंदीचा करार मात्र 1963 मध्ये झाला, तोही सगळ्या देशांनी मानला नाही.

आणि एक मेख. सातचा हा नियम बॉम्बच्या ताज्या राखेचा आहे, अणुभट्टीचा नाही. भट्टीत इंधन महिनोन्‌महिने जळत असतं, अल्पायुषी अणू आतल्या आत संपत राहतात आणि लांब टिकणारे साचत जातात. त्यामुळे भट्टीतून काही बाहेर पडलंच, तर ते इतक्या झटपट उतरत नाही. 1986 मध्ये चेर्नोबिलला हेच दिसलं. तिथल्या आयोडीन-131 ची हाफ-लाइफ आठ दिवस. 80 दिवसांत हजारावा भाग उरतो. सिझियम-137 ची 30 वर्षं.

हे सिझियम मुंबईच्या कोर्टापर्यंत आलं, माहितीये? आयर्लंडहून आयात झालेल्या लोण्यात ते सापडलं आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे तीन तज्ज्ञांची समिती नेमली, त्यात एम. जी. के. मेनन आणि पी. के. अय्यंगार. प्रमाण ठरवलेल्या मर्यादेत आहे, खायला हरकत नाही, असं समितीने सांगितलं. 1988 मध्ये कोर्टाने ते मान्य केलं. खटला चालला तेवढ्या काळात आयोडीन केव्हाच संपलं होतं. सिझियम मात्र जवळपास तेवढंच होतं. आज ते निम्म्याहून थोडं कमी उरलंय.