बारा चाळीस

१३ एप्रिल १९१९, सकाळ

बैसाखीचा रविवार. अमृतसरला आदल्या दिवसापासून आसपासच्या खेड्यांतून माणसं लोटली होती. कुणी दरबार साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात, स्नानाला, कुणी गुरांच्या बाजाराला. तीन दिवसांपूर्वी शहरात काय घडलं हे यातल्या अनेकांच्या कानावरही नव्हतं. १० तारखेला डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल या पुढाऱ्यांना सरकारने उचलून शहराबाहेर नेलं होतं. त्यांना सोडा म्हणून सांगायला निघालेल्या लोकांवर रेल्वेपुलाजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. मग जमाव पिसाळला, बँका जळाल्या, पाच युरोपीय माणसं मारली गेली. ११ च्या रात्री जालंधरहून ब्रिगेडियर जनरल रेजिनाल्ड डायर येऊन दाखल झाला.

रविवारी सकाळी तो स्वतः फौजेसह शहरात फिरला. पुढे ढोल, ढोलामागे जाहीरनामा वाचणारा देशी अधिकारी. पासाशिवाय शहराबाहेर जायचं नाही, रात्री आठनंतर रस्त्यावर दिसेल त्याला गोळी घातली जाईल, चार माणसांचा जमावही बेकायदा. ही दवंडी एकोणीस ठिकाणी दिली गेली. शहराचा मोठा भाग तिच्यातून सुटला. जालियनवाला बागेपाशी तर ती कुणी दिलीच नाही. या मिरवणुकीपाठोपाठ रिकामा डबा बडवत आणखी एक दवंडी निघाली होती: आज बागेत सभा आहे, या.

दुपारी १२.४०

डायर अजून शहरातच होता. तिथे त्याला खबर मिळाली की साडेचारला जालियनवाला बागेत मोठी सभा भरणार आहे.

जालियनवाला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोळीबाराची ती दहा मिनिटं येतात. मी या दिवसाचा घटनाक्रम जितक्या वेळा वाचतो, तितक्या वेळा माझं बोट या १२.४० वर अडतं. कारण इथून गोळीबारापर्यंत चार तासांहून अधिक वेळ हातात होता. बागेत शिरायची मुख्य वाट म्हणजे सात-साडेसात फुटांचा बोळ. त्याच्या तोंडाशी दहा-बारा शिपाई उभे केले असते, तरी सभा भरली नसती. एक कागद भिंतीला चिकटवला असता, ढोलवाल्याला तिथवर नेलं असतं, तरी बाहेरगावची माणसं घाबरून आल्या वाटेने परत फिरली असती. यातलं काहीही झालं नाही. दीडच्या सुमाराला डायर रामबागेतल्या आपल्या तळावर परतला.

पुढे सरकारने नेमलेल्या हंटर समितीच्या चौकशीत त्याला याबद्दल विचारलं गेलं. त्याचं उत्तर असं की विचार करायला आणि सैन्याची आखणी करायला वेळ लागला. तो वेळ सभा थांबवण्यासाठी नव्हता. ती भरू द्यायची, हे त्यात जवळजवळ ठरूनच गेलं होतं, असं मला वाटतं.

दुपारी दोन ते चार

पोलिसांनी गुरांचा बाजार लवकर बंद केला. उन्हात जायचं कुठे? बाजारातली माणसं बागेकडे सरकली. बाग नावालाच; खरं तर ते घरांच्या मागच्या भिंतींनी कोंडलेलं ओबडधोबड माळरान होतं. चार-दोन झाडं, एक समाधी, एक मोठी विहीर. लोक जमिनीवर बसले, काही आडवे झाले, काही पत्ते खेळत होते. बापांनी पोरं आणली होती. चारच्या सुमाराला एक विमान खालून घिरट्या घालून गेलं. लोक बिचकून उठले, तेव्हा मंचावरून त्यांना धीर देऊन बसवण्यात आलं.

त्याच वेळी रामबागेत निरोप पोचला की गर्दी जमते आहे. डायर निघाला. बरोबर पन्नास रायफलधारी, नुसत्या कुकऱ्या घेतलेले चाळीस गुरखे आणि दोन चिलखती मोटारी.

संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास

मोटारी बोळात मावेनात, म्हणून त्या बाहेर ठेवाव्या लागल्या. त्या बोळाची रुंदी आणखी दोन-तीन हात असती तर काय झालं असतं, याचं उत्तर डायरनेच देऊन ठेवलं आहे. हंटर समितीत मुंबईचे वकील सर चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला सरळ विचारलं, मोटारी आत जाऊ शकल्या असत्या तर मशीनगन चालवल्या असत्या का? बहुधा हो, असं तो म्हणाला. गोळीबार न करताही जमाव पांगवता आला असता, हेही त्याने कबूल केलं. पण मग ते परत आले असते आणि मला हसले असते, असं त्याचं म्हणणं.

बागेत तेव्हा दहा ते वीस हजार माणसं होती. विनाखटला तुरुंगात टाकू देणाऱ्या रौलट कायद्याविरुद्धचा ठराव झाला होता, भाषण चालू होतं. प्रवेशाजवळच्या उंचवट्यावर पंचवीस सैनिक उजवीकडे, पंचवीस डावीकडे उभे राहिले. इशारा नाही, पांगा म्हणून सांगणं नाही. आत शिरल्यापासून अर्ध्या मिनिटात हुकूम सुटला.

गोळ्या एकूण १,६५० झाडल्या गेल्या. पन्नास रायफली, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला तेहेतीस. त्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागे, पुन्हा नेम धरावा लागे. सैनिकांचा तोल जाऊन घडलेला हा प्रकार नव्हता. जिथे गर्दी दाट होईल तिथे नेम वळवला जात होता आणि गर्दी दाट होत होती ती बाहेर पडायच्या अरुंद वाटांशी, भिंतींच्या पायथ्याशी. माणसं विहिरीत पडली, त्यांच्यावर माणसं पडली. दारूगोळा संपत आला तेव्हा गोळीबार थांबला. फौज आली तशी निघून गेली. जखमींकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

गोळ्यांचा हिशेब डायरच्या दुसऱ्या दिवशीच्या अहवालात चोख दिलेला आहे. माणसांचा सरकारी हिशेब लागायला महिने गेले: ३७९ मृत, त्यांत ४१ मुलगे आणि सहा आठवड्यांचं एक तान्हं बाळ. काँग्रेसच्या चौकशीने हा आकडा हजारावर नेला.

संध्याकाळी सहा ते रात्री आठ

जेमतेम दोन तास. एवढ्यात शहराने धावत यायचं, ढिगांत आपलं माणूस शोधायचं, उचलायचं आणि आठच्या आत दार लावून घ्यायचं. पुष्कळांना ते जमलं नाही.

बागेजवळच राहणाऱ्या रतनदेवी दोन बायकांना सोबत घेऊन आल्या. त्यांना नवऱ्याचं प्रेत सापडलं. ओळखीचे दोन तरुण दिसले, त्यांना त्यांनी खाट आणायला सांगितलं. तेवढ्यात आठ वाजले.

रात्री आठ ते पहाट

काँग्रेसच्या चौकशी समितीपुढची रतनदेवींची जबानी छापलेली आहे. या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजींच्या जोडीला आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. ती जबानी एका बैठकीत वाचून होत नाही.

रक्ताच्या थारोळ्यातून एका शीख माणसाच्या मदतीने त्यांनी प्रेत कोरड्या जागी सरकवलं. दहाच्या सुमाराला मदत मागायला त्या गल्लीत गेल्या. आठ वाजून गेलेत, गोळी खायची कुणाची तयारी नाही, असं उत्तर मिळालं. त्याच सुमाराला डायर फौज घेऊन शहरात फिरत होता, संचारबंदी नीट पाळली जाते की नाही हे बघत. रस्ते रिकामे होते. त्याचं समाधान झालं.

रतनदेवी परत येऊन नवऱ्याजवळ बसल्या. कुत्री जवळ येऊ नयेत म्हणून हातात बांबू घेतला. जवळच तीन माणसं तळमळत होती, एक म्हैस विव्हळत होती. बारा वर्षांचा एक मुलगा त्यांना म्हणाला, मला सोडून जाऊ नका. थंडी वाजते का, असं त्यांनी विचारलं, काही पांघरायला घालू का. त्याने पाणी मागितलं. पाणी तिथे कुठून आणणार?

रात्री दोनला भिंतीत अडकलेल्या एका जाट माणसाने हाक मारली, माझा पाय तेवढा उचलून द्या. रतनदेवींनी त्याचे रक्ताने भिजलेले कपडे धरून पाय उचलून दिला. त्यानंतर साडेपाचपर्यंत कुणी आलं नाही.

१४ एप्रिल, सकाळी सहाच्या सुमारास

खाट आली.