पासिगपलीकडचे बिनोंदो

मनिलाच्या तटबंदीतील इन्त्रामुरोस ही जुनी स्पॅनिश नगरी मागे टाकून जोन्स पूल ओलांडला, की पासिग नदीच्या उत्तर तीरावर बिनोंदो लागते. जगातील सर्वांत जुनी चिनी वस्ती अशी तिची ख्याती आहे. अंतर फार नाही, मी ते सकाळच्या उन्हात रमतगमत चाललो. परंतु तटाच्या आत कोण राहील आणि नदीपलीकडे कोण, या प्रश्नापायी येथे फार रक्त सांडले आहे.

१५७१ मध्ये स्पॅनिशांनी मनिला घेतली. चिनी व्यापारी आणि कारागीर यांच्यावाचून त्यांचे पान हलत नसे. रेशमापासून रोजच्या पावापर्यंत सारे चिनी हातांतून येई. त्याच हातांची त्यांना धास्तीही होती. म्हणून चिन्यांनी तटाबाहेर, तोफांच्या टप्प्यात, 'पारियान' नावाच्या पेठेत राहावे असा दंडक होता.

१५९३ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर गोमेझ पेरेझ दासमारिन्यास मोलुकास बेटांच्या स्वारीवर निघाले असता त्यांच्या गलबतावरील चिनी वल्हेकऱ्यांनी बंड करून त्यांना ठार मारले. हे वल्हेकरी जबरीने कामाला जुंपलेले होते, हेही येथे सांगितले पाहिजे. पित्याच्या जागी आलेल्या लुईसने पुढच्याच वर्षी, १५९४ मध्ये, नदीपलीकडची जमीन विकत घेतली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या चिनी लोकांना ती वस्तीसाठी दिली. तेच हे बिनोंदो. यामागे निव्वळ औदार्य होते असे मला म्हणवत नाही. ख्रिस्ती चिन्यांना इतरांपासून वेगळे ठेवण्याचा हिशेबही त्यात असावा. पण खून झालेल्या पित्याचा मुलगा सूड न घेता जमीन देतो, हे विसरता येत नाही. १६०३ मध्ये चिन्यांचा उठाव झाला, तेव्हा त्यांच्याशी लढताना हाच लुईस मारला गेला. त्यानंतरच्या कत्तलीत सुमारे वीस हजार चिनी प्राणांस मुकले असे मानतात.

आज ओंगपिन रस्त्यावरून चालताना हे कोणाच्या मनात येणार? सोनारांच्या पेढ्या, जडीबुटीची दुकाने, वाफाळणाऱ्या टोपल्यांतील सिओपाव आणि गर्दीतून वाट काढणारा 'कालेसा', म्हणजे थेट आपला टांगा! रस्त्याकडेला एक क्रूस आहे. त्याच्यापुढे भाविक उदबत्त्या लावतात, जशा चिनी देवळात लावतात. या रस्त्याचे जुने नाव 'काये साक्रिस्तिया' होते.

रस्त्याच्या टोकाला बिनोंदोचे चर्च उभे आहे. १५९६ मध्ये डोमिनिकन धर्मगुरूंनी हा धर्मग्राम स्थापिला. सध्याच्या वास्तूचा अष्टकोनी घंटाघराचा मनोरा चिनी पॅगोड्याची आठवण करून देतो. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात चर्च जळाले. भिंती आणि हा मनोराच काय तो उरला. मिस्सा आता फिलिपिनो, इंग्रजी आणि चिनी भाषांत होते.

याच चर्चमध्ये लोरेन्झो रुईझ वेदीसेवक होते. वडील चिनी, आई फिलिपिनो. वळणदार अक्षरामुळे ते चर्चचे लेखनिक झाले. पत्नी आणि तीन मुले असा त्यांचा संसार होता. १६३६ मध्ये एका स्पॅनिश माणसाच्या खुनाचा आळ आला, म्हणून त्यांनी डोमिनिकन धर्मगुरूंच्या जहाजाचा आसरा घेतला. जहाज जपानला गेले. तेथे त्यांना धर्म सोडण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. १६३७ च्या सप्टेंबरअखेर नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर, खड्ड्यात उलटे टांगलेल्या अवस्थेत त्यांनी प्राण सोडला. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद बहाल केले.

निशिझाका हे नाव वसईकरांना परके नाही. चाळीस वर्षे आधी, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, त्याच टेकडीवर आपले संत गोन्सालो गार्सिया क्रुसावर गेले. वडील पोर्तुगीज, आई वसईची. फ्रान्सिस्कन संघाची वस्त्रे त्यांनी मनिलातच धारण केली आणि १५९३ मध्ये दुभाषी म्हणून ते जपानला निघाले. त्या शिष्टमंडळाला पाठवणारे गव्हर्नर म्हणजे गोमेझ पेरेझ दासमारिन्यासच. बिनोंदो वसले तेव्हा गोन्सालो मनिला सोडून गेले होते.

चर्चच्या दारात एक बाई साम्पागिताच्या माळा विकत होती. हातात घेतल्यावर वासाने ओळख पटली: हा तर आपला मोगरा! दोन माळा घेतल्या. एक लोरेन्झोंच्या पुतळ्याला वाहिली. दुसरी रुमालात बांधून परत पूल ओलांडला आणि इन्त्रामुरोसमध्ये जाऊन गोन्सालोंच्या नावाने एका वेदीपुढे ठेवली.