खेळ सोपा झाला, सोबत गेली

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. विषय ऑनलाइन खेळांचा आहे. "जिल्ह्यात पाणी नाही, रोजगार नाही अन् ह्याला गेमचं पडलंय," असं काहीजण म्हणतीलच. त्यांनाही विनंती आहे की शेवटपर्यंत वाचा. यात कबड्डी येणार आहे, ऊसतोड येणार आहे आणि आपल्या कपिलधारची दिंडीही येणार आहे.

बऱ्याच लोकांनी मिळून खेळायचे ऑनलाइन खेळ कंपन्या हळूहळू सोपे करत जातात आणि जुने खेळाडू त्यावर चिडतात. एखादा राक्षस मारायला अवघड असेल तर त्याची ताकद कमी करतात. दहा जणांचं काम असेल तर ते एकट्यालाही जमेल असं करतात. गेमर पोरं याला 'नर्फ' म्हणतात. नर्फ हा फोमच्या खेळण्यांचा ब्रँड, म्हणजे लागलं तरी दुखत नाही असं हत्यार. बाहेरच्या माणसाला ही चिडचिड कळत नाही. सोपं झालं तर बरंच की, तुम्हाला काय त्रास?

त्रास काय आहे ते समजायला आधी आपल्या मातीतला खेळ बघू.

हुतूतू गावोगाव वेगळ्या नियमांनी खेळला जायचा. 1918 च्या सुमारास साताऱ्याकडं नियमांना एक रूप द्यायचा प्रयत्न झाला. 1923 मध्ये नियम छापले गेले आणि त्याच वर्षी त्या नियमांवर बडोद्यात स्पर्धा झाली. कबड्डीच्या जुन्या प्रकारांमध्ये गामिनी नावाचा एक प्रकार होता. त्यात बाद झालेला गडी बाहेर बसायचा तो बसायचाच. सगळा संघ बाद होईपर्यंत त्याला परत यायला मिळत नसे. दुसरा प्रकार संजीवनी. समोरचा एक बाद केला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन आत येतो. आज आपण बघतो ती कबड्डी संजीवनीचीच आहे. म्हणजे आजची पोरं ज्याला 'रिस्पॉन' म्हणतात, ते आपल्याकडं शंभर वर्षांपासून आहे, आणि नावही किती छान!

संजीवनीनं खेळ सोपा केला का? एका अर्थानं केला, बाद झालेल्याला परत यायची वाट मिळाली. पण ती वाट कुणाच्या हातात होती? सोबत्याच्या. त्यानं कुणाला तरी बाद केलं तरच तुम्ही आत येणार. खेळ सोपा झाला आणि गड्याला गड्याची गरजही राहिली. म्हणून तो टिकला.

2014 ला प्रो कबड्डी आली. चढाईला तीस सेकंदांची मुदत आणि दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' हे त्यामुळं घराघरांत पोचलं. पूर्वी चढाई किती वेळ चालणार हे गड्याच्या दमावर ठरायचं, आता घड्याळावर ठरतं. जुने खेळाडू कुरकुर करतात, "दम कुठं राहिला आता?" ते जुनाट आहेत म्हणून असं बोलतात, असं मला वाटत नाही. त्यांनी ज्या गोष्टीसाठी छाती कमावली, तिची किंमत कमी झाली, एवढंच ते सांगतायत.

आता ऑनलाइन खेळांचा इतिहास बघा, तिथंही हेच दिसतं.

1997 मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आला. हजारो लोक एकाच जगात. पण त्या जगात कुणीही कुणालाही मारून लुटायचं. नवा माणूस गावाबाहेर पडला की मेलाच. 2000 मध्ये कंपनीनं त्या जगाच्या दोन प्रती केल्या. एकीत पूर्वीसारखी लुटालूट, दुसरीत तुमची इच्छा नसेल तर कुणी हात लावणार नाही. बहुतेक लोक सुरक्षित जगात गेले. जुने चिडले, म्हणाले जगातला थरार संपला. पण वर्गणीदार वाढले. 2003 पर्यंत ते अडीच लाखांच्या घरात गेले. हे प्रामाणिकपणे मान्य करायला पाहिजे की सोपं केल्यानं खेळ बुडतोच असं नाही. आणि इथं निवडही होती. ज्याला जुनं जग पाहिजे त्याला ते उघडं होतं.

1999 च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये मेलात तर कमावलेला अनुभव जायचा आणि सगळं सामान तुमच्या प्रेताजवळ पडून राहायचं. ते आणायला रिकाम्या हातानं परत त्याच धोक्याच्या जागी जायचं. हा छळच होता. पण त्या छळातून ओळखी झाल्या. "माझं प्रेत अमक्या गुहेत आहे, कुणी येता का सोबत?" असं विचारावं लागायचं आणि अनोळखी लोक यायचे.

मग 2005 चा प्रसंग. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' नावाचा खेळ होता. त्यात तिसाहून जास्त पेशे होते. कुणी सुतारकाम करायचा, कुणी नाचगाण्यानं थकलेल्यांचा शीण घालवायचा, कुणी वैद्य. जेडाय होणं महाकठीण होतं, लोकांनी त्यासाठी महिनोन्‌महिने घातले होते. नोव्हेंबर 2005 मध्ये कंपनीनं अख्खा खेळच बदलला. पेशे नऊवर आणले आणि जेडाय पहिल्याच दिवशी होता येईल असं केलं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला एक नवी पुरवणी विकली होती आणि ती विकल्यावर दोनेक दिवसांत हा बदल जाहीर केला. इतका संताप झाला की पुरवणीचे पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली. जुने लोक निघून गेले आणि ज्यांच्यासाठी सोपं केलं ते नवे काही तेवढे आले नाहीत. 15 डिसेंबर 2011 ला तो खेळ बंद झाला.

सगळ्यात मोठं उदाहरण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चं, सुरुवात नोव्हेंबर 2004. त्यातल्या मोठ्या मोहिमांना चाळीस माणसं लागायची. मार झेलणारे वेगळे, उपचार करणारे वेगळे, मारणारे वेगळे. 2006 मध्ये आलेली नक्सरामस ही मोहीम इतकी अवघड होती की फार थोड्या खेळाडूंनी ती आतून पाहिली. कंपनीचा विचार असा की एवढं बांधायचं आणि कुणी बघायचंच नाही, हे कसं परवडणार? त्यातही तथ्य होतं. 2008 मध्ये तीच मोहीम दहा आणि पंचवीस जणांसाठी सोपी करून परत आणली. डिसेंबर 2009 मध्ये एक बटण आलं. ते दाबलं की यंत्रच चार अनोळखी सोबती शोधून देणार आणि थेट गुहेच्या आत नेऊन ठेवणार. त्याआधी सोबती हाका मारून गोळा करावे लागायचे, गुहेपर्यंत चालत जावं लागायचं, आणि वाईट वागलात तर त्या सर्व्हरवर नाव खराब व्हायचं. बटणानं वेळ वाचवला, पण नावाची किंमतही गेली. उद्या परत भेटणारच नाही त्याच्याशी नीट कशाला वागायचं?

2010 च्या ऑक्टोबरमध्ये या खेळाचे एक कोटी वीस लाख वर्गणीदार झाले. डिसेंबरमध्ये नवी पुरवणी आली, तिच्यातल्या गुहा कंपनीनं मुद्दाम अवघड केल्या. लोकांनी तक्रारी केल्या, कंपनीनं त्या परत सोप्या केल्या. पुढच्या नोव्हेंबरमध्ये मोठ्या मोहिमांनाही बटण आलं. वर्गणीदार मात्र 2011 च्या सप्टेंबरपर्यंत एक कोटी तीन लाखांवर आले होते. नुसत्या सोपेपणामुळं कमी झाले असं म्हणणं चूक, तेव्हा अवघडपणाच्याही तक्रारी होत्या. पण एकदा बटणाची सवय लागल्यावर परत चालत जायला सांगणं किती अवघड असतं, ते यातून दिसतं.

आता माझ्या अनुभवाचं थोडं. खेळाचं नाव घेत नाही, मोबाइलवरचा आहे. आम्ही कपिलधार-मांजरसुंब्याच्या परिसरातली पाच पोरं. 2016 नंतर स्वस्त डेटा आला तसे खेळायला लागलो. दरीत रेंज नसायची, माळावर येऊन बसायचो. त्या खेळात आठवड्याला एक किल्ला घ्यायचा असायचा आणि तो पाच जणांशिवाय पडत नसे. आमच्यातला उपचार करणारा गडी दिवाळीनंतर घरच्यांबरोबर ऊसतोडीला जायचा, पश्चिम महाराष्ट्रात, पाच-सहा महिने. दिवसभर मोळ्या वाहायच्या, रात्री कोपीवरून ऑनलाइन यायचं. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करायचा. आम्ही त्याची वाट बघायचो. यात दया नव्हती, त्याच्याशिवाय किल्ला पडतच नव्हता. तो उशिरा आला तर आम्ही उशिरा सुरू करायचो. आणि किल्ल्याच्या निमित्तानं गप्पा व्हायच्या. मुकादम कसा आहे, उचल किती फिटली, आईचं दुखणं कसं आहे.

मग एक अपडेट आलं. किल्ला एकट्याला घेता यायला लागला. सोबतीला कंपनीचेच चार बॉट. पंधरा मिनिटांत काम संपतं, बक्षीसही तेच. पहिल्या आठवड्यात आम्हाला आनंदच झाला. महिन्याभरात पाच जण वेगवेगळ्या वेळी, आपापल्या सोयीनं खेळायला लागले. त्याची वाट बघायचं कारण राहिलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी ग्रुप सोडला नाही. फक्त रात्री नऊला वाजणारा फोन वाजायचा थांबला. पुढच्या हंगामात त्याची उचल फिटली नाही, हे मला दुसऱ्याकडून कळलं.

म्हणून म्हणतो, चिडचिड अवघडपणासाठी नसते. उगाच वाट बघायला लावणं, तोच तोच राक्षस शंभरदा मारायला लावणं, हे खुशाल काढा. ज्याचा हात अधू आहे, ज्याला रात्री एकच तास मिळतो, त्याच्यासाठी वेगळी वाट करा. पण ज्या गाठीमुळं एका माणसाला दुसऱ्या माणसाची गरज लागते, ती गाठ सोडवताना दहादा विचार करा. आणि खेळणाऱ्याला विचारा.

विचारता येतं का? येतं. 'रूनस्केप' या इंग्लंडच्या खेळात नेमकं हेच झालं. 2012 मध्ये कंपनीनं लढाईची पद्धतच बदलली, लोक जायला लागले. फेब्रुवारी 2013 मध्ये कंपनीनं मतदान घेतलं की 2007 चा जुना खेळ परत पाहिजे का. सुमारे साडेचार लाख मतं पडली आणि जुना खेळ परत सुरू झाला. पुढं नियमच केला की मोठा बदल करायचा तर पंचाहत्तर टक्के खेळाडूंची मंजुरी पाहिजे. नंतर ती अट सत्तर टक्क्यांवर आणली. तो खेळ आजही जोरात चालू आहे. वॉरक्राफ्टवाल्यांनी मात्र जुन्या खेळाची मागणी बरीच वर्षं टाळली. 2013 मध्ये त्यांच्या एका अधिकाऱ्यानं भर सभेत खेळाडूला सांगितलं की तुम्हाला ते पाहिजे असं वाटतं, पण खरं तर नकोय. 2016 मध्ये चाहत्यांनी चालवलेला जुन्या रूपातला सर्व्हर वकिली नोटिशीनंतर बंद झाला, तेव्हा दोन लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या. शेवटी ऑगस्ट 2019 मध्ये कंपनीनं स्वतःच जुना खेळ परत आणला आणि पहिल्या दिवसांत आत जायला तासन्‌तास रांगा लागल्या.

आपल्याला हे कळायला इंग्लंड-अमेरिकेचीही गरज नाही. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला या. मन्मथ स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला लोक गाडीनंही येतात आणि पायी दिंड्यांमधूनही येतात. रस्ता झाला ते चांगलंच झालं. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, आजारी लोक दर्शनाला यायला लागले. पण रस्ता झाला म्हणून दिंडी कुणी बंद केली नाही. जो चालत येतो तो दर्शनाबरोबरच रस्ताभरची सोबतही घेऊन येतो. कुणाचा पाय सुजला की दुसरा त्याची पिशवी उचलतो. दोन्ही वाटा उघड्या आहेत, कुणी कुणाला हसत नाही.

आता सार्वजनिक मुद्द्यावर येतो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्‌सला खेळ म्हणून मान्यता दिली. जुगारापायी घरं उद्ध्वस्त होत होती, बंदीचं स्वागतच आहे. पण ज्याला आपण खेळ म्हणतो, त्याचे नियम मालकानं एका रात्रीत बदलावेत आणि खेळणाऱ्यानं सकाळी उठून बघावं, हे खेळाला शोभत नाही. कबड्डीचा नियम बदलायचा तर निदान संघटना असते, बैठक होते, कुरकुर करायला जागा असते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. मोठा बदल करायच्या आधी खेळाडूंना आगाऊ सूचना द्या. मराठीसह भारतीय भाषांमध्ये त्यांचं मत घ्या. सोपी वाट नवी काढा, पण जुनी बुजवू नका. एकट्यानं किल्ला घेणाऱ्याला बक्षीस द्या, पण पाच जणांनी मिळून घेणाऱ्यांना थोडं जास्त द्या. एवढ्यानंही पोरं परत एकमेकांची वाट बघायला लागतील.

आणि आपल्यापुरतं एक काम आहे, त्याला कायदा लागत नाही. दिवाळीनंतर गावाकडची पोरं ऊसतोडीला जातील. तुमच्याबरोबर खेळणारा एखादा गडी त्यात असेल तर एकट्यानं किल्ला घेऊ नका. त्याला फोन करा आणि म्हणा, तू आल्याशिवाय सुरू करत नाही.