रोख चलनाचा ऱ्हास आणि रोखविरहित समाज : स्वीडनच्या अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मानवी विनिमयाच्या इतिहासात वस्तुविनिमय, धातूची नाणी, कागदी नोटा आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी असे टप्पे सांगितले जातात. प्रत्येक नवे साधन जुन्यापेक्षा सोयीचे होते म्हणून ते रूढ झाले, असाच सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात चलनाचे स्थित्यंतर केवळ सोयीमुळे घडत नाही. शासनसंस्था, बँका, व्यापारी आणि सामान्य नागरिक यांच्यातील विश्वासाचे आणि सत्तेचे संबंध त्यामागे कार्यरत असतात. या दृष्टीने स्वीडन या देशाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. युरोपातील पहिल्या कागदी नोटा इ. स. १६६१ मध्ये याच देशात निघाल्या आणि त्याच नोटा दैनंदिन व्यवहारातून सर्वांत वेगाने नाहीशा होत गेलेल्या देशांतही स्वीडन अग्रभागी आहे. भारतात २०१६ नंतर 'कॅशलेस' हा शब्द घरोघरी पोहोचला. त्यामुळे या मार्गावर बरेच पुढे गेलेल्या समाजाचा अनुभव तपासून पाहणे उपयुक्त ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) स्वीडनमधील कागदी चलनाच्या उदयाचा आढावा घेणे.
२) विसाव्या व एकविसाव्या शतकात रोख व्यवहार कमी होण्याची कारणे शोधणे.
३) रोखविरहित व्यवस्थेचे सामाजिक परिणाम आणि त्यावरील शासकीय उपाययोजना अभ्यासणे.
४) भारतीय अनुभवाशी त्याची थोडक्यात तुलना करणे.

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब केला आहे.

तांब्याच्या पत्र्यांपासून कागदापर्यंत :

सतराव्या शतकात स्वीडनमध्ये चांदी कमी आणि तांबे विपुल होते. फालून येथील खाण त्या काळी युरोपातील तांब्याचा प्रमुख स्रोत होती. तांबे स्वस्त असल्यामुळे मोठ्या मूल्याचे नाणे अवजड होणे अपरिहार्य होते. १६४४ मध्ये पाडलेले दहा डालरचे पत्र्याच्या आकाराचे नाणे सुमारे १९ किलो वजनाचे होते. मोठी खरेदी करावयाची तर पैसे नेण्यासाठी गाडीच जुंपावी लागे.

या पार्श्वभूमीवर रीगा येथे जन्मलेल्या योहान पाल्मस्ट्रुक यास १६५६ मध्ये राजाकडून बँकेची सनद मिळाली. 'स्टॉकहोल्म्स बांको' या बँकेत लोक तांब्याचे पत्रे ठेव म्हणून ठेवू लागले. पुढे शासनाने नव्या नाण्यांतील तांब्याचे प्रमाण घटविले. साहजिकच जुन्या पत्र्यांची धातू म्हणून किंमत वाढली आणि ठेवीदार आपले जुने पत्रे परत मागू लागले. बँकेने मात्र ठेवींतील रक्कम दीर्घ मुदतीच्या कर्जांत गुंतविली होती. या अडचणीतून मार्ग म्हणून १६६१ मध्ये पाल्मस्ट्रुकने ठरावीक रकमेच्या, बिनव्याजी आणि कोणाच्याही हाती फिरू शकणाऱ्या पावत्या काढल्या. चीनमध्ये कागदी चलन त्यापूर्वी अनेक शतके प्रचारात होते. युरोपातील मात्र हा पहिलाच प्रयोग होता.

प्रारंभी या नोटांचे स्वागत झाले. तथापि त्या प्रमाणाबाहेर काढल्या गेल्या. १६६३ पासून त्यांची किंमत घसरू लागली आणि बँक कोलमडली. पाल्मस्ट्रुकला मृत्युदंड ठोठावण्यात आला, तो पुढे सौम्य करून कारावासात बदलण्यात आला. १६६८ मध्ये संसदेच्या नियंत्रणाखाली नवी बँक स्थापन झाली. तीच आजची 'रिक्सबँक', जगातील सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक होय. या बँकेला सुरुवातीस नोटा काढण्याची मनाई होती, ही बाब लक्षणीय आहे. कागदावरील विश्वास एकदा तुटला की तो पुन्हा जोडण्यास किती काळ लागतो, हे त्यावरून दिसते. १८९७ च्या कायद्याने नोटा काढण्याचा एकाधिकार रिक्सबँकेकडे आला आणि खासगी बँकांच्या नोटा विसाव्या शतकाच्या प्रारंभी बंद झाल्या. नोट ही बँकेची पावती न राहता राज्यसंस्थेचे वचन बनली.

रोख व्यवहारांच्या ऱ्हासाची कारणे :

रोख रकमेची पीछेहाट मोबाईल फोनमुळे झाली असे मानले जाते, परंतु तिची मुळे त्याहून जुनी आहेत. १९२५ मध्ये टपाल खात्याने आणि १९५९ मध्ये बँकांनी खात्यातून खात्यात रक्कम वळती करण्याची 'गिरो' व्यवस्था सुरू केली. १९६० च्या दशकात कामगारांचे वेतन पाकिटातून देण्याऐवजी बँक खात्यात जमा होऊ लागले. हा बदल निर्णायक ठरला. रोख रक्कम हे वेतनाचे मूळ रूप राहिले नाही, ती खात्यातून मुद्दाम काढून आणण्याची वस्तू झाली. १९६७ मध्ये उप्साला येथे नोटा देणारे यंत्र बसविले गेले, तेही याच व्यवस्थेचे अंग होय.

त्यानंतरची कारणे तीन प्रकारची आहेत. पहिले कारण सुरक्षिततेचे. बसचालकांवरील हल्ल्यांमुळे २००० नंतरच्या दशकात बसमध्ये रोख भाडे घेणे बंद करण्यात आले. सप्टेंबर २००९ मध्ये दरोडेखोरांनी स्टॉकहोममधील रोकड साठवणुकीच्या इमारतीच्या छपरावर हेलिकॉप्टर उतरवून लूट केली. या घटनेने रोकड हा धोका आहे ही भावना बळावली. रोकड घटली तशी बँकांवरील दरोड्यांची संख्याही घटली. २००८ मध्ये ती ११० होती, २०११ मध्ये १६ झाली.

दुसरे कारण खर्चाचे. नोटा मोजणे, वाहून नेणे व सांभाळणे बँकांना महाग पडत होते. रिक्सबँकेनेही आपल्या स्थानिक कचेऱ्या टप्प्याटप्प्याने बंद करून रोकड हाताळणी मुख्यतः खासगी क्षेत्राकडे जाऊ दिली. परिणामी २०१० च्या दशकात निम्म्याहून अधिक बँक शाखांत रोख रक्कम मिळेनाशी झाली. बँकेत जाऊनही पैसे न मिळणे ही परिस्थिती नव्या पिढीला नैसर्गिक वाटू लागली.

तिसरे कारण तंत्रज्ञानाचे. २००३ पासून 'बँकआयडी' ही इलेक्ट्रॉनिक ओळख प्रचारात आली आणि डिसेंबर २०१२ मध्ये सहा मोठ्या बँकांनी मिळून 'स्विश' ही मोबाईलद्वारे पैसे पाठविण्याची सेवा सुरू केली. रिक्सबँकेच्या सर्वेक्षणांनुसार शेवटची खरेदी रोखीने केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०१० मध्ये ३९ टक्के होते, ते २०१८ मध्ये १३ टक्के आणि २०२० मध्ये ९ टक्के झाले. २००७ ते २०१७ या दहा वर्षांत चलनातील नोटा व नाणी सुमारे निम्म्यावर आली.

येथे एक बाब अधोरेखित करणे आवश्यक आहे. स्वीडनमध्ये रोख व्यवहारांवर कोणतीही बंदी घातली गेली नाही. नोटा कायदेशीर चलन आहेतच. परंतु करारस्वातंत्र्याच्या तत्त्वानुसार दुकानदार दारावर सूचना लावून रोख रक्कम नाकारू शकतो. अशा असंख्य स्वतंत्र निर्णयांची बेरीज होऊन रोकड मागे पडली. शासनाने निर्णय घेतला नाही, म्हणून निर्णय झाला नाही असे नव्हे.

वंचित राहिलेले घटक :

रोखविरहित समाजात व्यवहार करण्यासाठी बँक खाते, ओळख क्रमांक, स्मार्टफोन आणि तो वापरण्याची क्षमता या चार गोष्टी लागतात. वृद्ध, दिव्यांग, दुर्गम ग्रामीण भागातील रहिवासी आणि आश्रय मागणारे परदेशी यांच्याकडे त्यांपैकी एक तरी गोष्ट नसते. ज्या वृद्धाने आयुष्यभर आपला हिशेब स्वतः ठेवला, त्याला औषधाचे पैसे देण्यासाठी मुलांवर अवलंबून राहावे लागते. येथे प्रश्न सोयीबरोबरच आत्मसन्मानाचाही असतो. शिवाय प्रत्येक खरेदीची नोंद कोठेतरी राहत असल्याने खासगीपणाचा प्रश्नही उपस्थित होतो.

या असंतोषाला संघटित रूप मिळाले. माजी पोलीसप्रमुख व इंटरपोलचे माजी अध्यक्ष ब्यॉर्न एरिक्सन यांच्या नेतृत्वाखाली रोख रकमेच्या बाजूने चळवळ उभी राहिली. निवृत्तिवेतनधारकांच्या संघटनेने २०१६ मध्ये एक लाखाहून अधिक सह्या गोळा केल्या. तत्पूर्वी २०१५ मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सार्वजनिक आरोग्यसेवेचे शुल्क रोखीने देण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला होता. २०१९ मध्ये संसदेने संमत केलेल्या आणि २०२१ पासून पूर्णतः लागू झालेल्या कायद्याने मोठ्या बँकांवर देशभर रोख सेवा उपलब्ध ठेवण्याची जबाबदारी टाकली.

सुरक्षेचा नवा विचार :

जुलै २०२१ मध्ये एका सायबर हल्ल्यामुळे 'कूप' या साखळीची सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली, कारण त्यांची पैसे घेणारी यंत्रेच चालेनात. २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाचे आक्रमण झाल्यानंतर तर हा प्रश्न राष्ट्रीय संरक्षणाशी जोडला गेला. युद्धकाळात काय करावे याविषयी घरोघरी वाटलेल्या शासकीय पुस्तिकेत नागरिकांनी घरी थोडी रोख रक्कम ठेवावी असा सल्ला देण्यात आला. डिसेंबर २०२४ मध्ये शासननियुक्त चौकशीने काही परिस्थितींत रोख रक्कम स्वीकारणे बंधनकारक करावे असे सुचविले. दरम्यान रिक्सबँकेने 'ई-क्रोना' या डिजिटल चलनाचा २०२० ते २०२३ या काळात प्रायोगिक अभ्यास केला, पण २०२३ मधील दुसऱ्या शासकीय चौकशीला त्याची तूर्त तातडीची गरज दिसली नाही. एकेकाळी दरोड्याच्या भयाने सुरक्षेसाठी दूर सारलेली रोकड आता सुरक्षेसाठीच जपून ठेवावी लागत आहे.

भारतीय संदर्भ :

८ नोव्हेंबर २०१६ रोजी भारतात ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याच्या दृष्टीने चलनातील सुमारे ८६ टक्के नोटा एका रात्रीत बाद ठरल्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव महाराष्ट्रातील पहिले रोखविरहित गाव म्हणून जाहीर करण्यात आले. २०१६ मध्येच सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेने पुढे विलक्षण मजल मारली आणि २०२३-२४ या वर्षात तिच्यावरून सुमारे १३,१०० कोटी व्यवहार झाले. तथापि नोटबंदीपूर्वी सुमारे १८ लाख कोटी रुपये असलेले चलन मार्च २०२४ अखेर सुमारे ३५ लाख कोटींवर पोहोचले होते. स्वीडनमध्ये बंदीशिवाय रोकड घटली. भारतात नोटा रद्द करूनही ती वाढली. वेतन खात्यात जमा होणारा संघटित वर्ग स्वीडनमध्ये बहुसंख्य आहे, तर भारतात रोजंदारी, शेतमजुरी व किरकोळ व्यापार यांवर जगणारा वर्ग मोठा आहे. चलनाचे स्वरूप रोजगाराच्या स्वरूपाशी निगडित असते, हेच या विरोधातून स्पष्ट होते.

निष्कर्ष :

१) रोख चलनाचा ऱ्हास ही आकस्मिक घटना नसून वेतनपद्धती, बँकांचा खर्च, सुरक्षेची चिंता व तंत्रज्ञान यांच्या संयोगातून घडलेली दीर्घ प्रक्रिया आहे.
२) केवळ शासकीय आदेशाने रोकड नाहीशी होत नाही, आणि आदेश नसतानाही ती नाहीशी होऊ शकते.
३) रोख रक्कम हे विनिमयाचे साधन तर आहेच, शिवाय कोणाच्याही मध्यस्थीविना व्यवहार करता येण्याचा तो नागरिकाचा हक्कही आहे.
४) हा हक्क बाजारपेठेवर सोडून दिल्यास दुर्बल घटक प्रथम वंचित होतात. त्याचे रक्षण कायद्यानेच करावे लागते आणि ते वेळीच करणे कमी खर्चाचे ठरते.

समारोप :

पाल्मस्ट्रुकच्या ठेवीदारांना आपले तांबे परत हवे होते, कारण कागदामागील आश्वासनाची त्यांना खात्री उरली नव्हती. साडेतीनशे वर्षांनंतर त्यांच्याच देशाचे शासन नागरिकांना घरात चार नोटा बाळगण्यास सांगत आहे. पैशाचे रूप कोणतेही असो, अडचणीच्या दिवशी तो हाती येईल की नाही हाच त्याच्या उपयुक्ततेचा खरा निकष होय. रोखविरहित समाजाकडे जाणाऱ्या प्रत्येक देशाने आपली व्यवस्था या निकषावर तपासून पाहिली पाहिजे.