बंदिवासातील बाई आणि तिचे औषधपाणी

तुरुंग हा विषय मराठी श्रोत्यांस नवा नाही. लोकमान्य 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात होते आणि ‘गीतारहस्य’ तेथेच लिहिले गेले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे म्हणाल, तर 10 जुलै 1930 रोजी पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी जंगलचा कायदा मोडला आणि अटक पत्करली. त्यामुळे तुरुंग म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे ग्रंथ येतो, तप येते, हारतुरे येतात. हे सारे खरे आहे आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु हा इतिहास पुरुषांच्या बाजूचा आहे, आणि त्यांतही लिहिता येणाऱ्या पुरुषांचा. त्याच आवारात भिंतीपलीकडे एक लहानशी वेगळी बराक असते. तीत बायका असतात. त्यांतल्या कोणाला ताप भरला, कोणाचे दिवस भरले, कोणाच्या अंगावरून जाऊ लागले, तर त्यांचे पुढे काय होते, एवढाच साधा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

आम्ही काही पंडित नव्हे. कायद्याचे पुस्तक वाचावयास आम्हांला शाळेने शिकविले नाही, जिनिंगमधल्या कामगारांच्या दाव्यांनी शिकविले. त्या शिक्षणात एक खोड मात्र लागली : कोठेही गेलो की आधी नोंदवही मागावयाची. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही तो कामगारच नव्हे, असे मालक बिनदिक्कत सांगतो. बंदिवासातील बाईच्या दुखण्याकडेही आम्ही त्याच बाजूने पाहतो. ते लिहिले कोणी, कोठे, आणि केव्हा ?

प्रथम कायदा पाहू. इंग्रज सरकारने 1894 साली तुरुंगांचा कायदा केला आणि पुढे सव्वाशे वर्षे आपल्या तुरुंगांचा कारभार त्याच्याच छायेत चालला. तो निव्वळ जुलमाचा कायदा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येक तुरुंगात रुग्णालय अथवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा असलीच पाहिजे, असे त्याचे 39 वे कलम सांगते. ज्या कैद्यास वैद्याची भेट हवी असेल किंवा जो आजारी दिसेल, त्याचे नाव विलंब न लावता जेलरला कळवावे, असे 37 वे कलम सांगते. बाईला फटके मारू नयेत, तिला बेड्या घालू नयेत, हेही त्यात आहे. मग उणे कोठे पडले ? ते पडले 24 व्या कलमात. नवा कैदी आत आला की वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हुकुमाने त्याची तपासणी करावी, त्याच्या प्रकृतीची व अंगावरच्या जखमांची नोंद वहीत करावी, असे ते कलम म्हणते. आणि लगेच पुढे म्हणते की कैदी बाई असेल तर तिची झडती आणि तपासणी मेट्रनने करावी.

हे वाक्य वरवर मोठे सभ्य दिसते. परपुरुषाने बाईच्या अंगाला हात लावू नये, हा त्यातला हेतू. परंतु मेट्रन म्हणजे डॉक्टर नव्हे. ती पहारा करणारी बाई. स्त्री-डॉक्टर नेमावी हे सरकारला सुचले नाही, किंवा खर्चाचे वाटले, आणि झडती घेणाऱ्या हातांनीच नाडीही पाहावी असे ठरले. ज्या दिवशी पुरुष कैद्याचे दुखणे वैद्याच्या वहीत चढले, त्याच दिवशी बाईचे दुखणे पहारेकरणीच्या अंदाजावर राहिले. भर म्हणून 27 व्या कलमाने बायकांना पुरुषांच्या दृष्टीस पडणार नाही अशा वेगळ्या जागेत ठेवले. तेही योग्यच. परंतु जेथे कैदी बहुतेक पुरुष, तेथे रुग्णालयही पुरुषांच्याच आवारात बांधले जावयाचे. अब्रूसाठी घातलेली भिंत औषधाच्याही आड आली.

आता दोन मृत्यू सांगतो. पहिला आफ्रिकेतला. 1913 साली तेथील सत्याग्रहात वल्लीअम्मा नावाची सोळा वर्षांची तमिळ मुलगी मॅरित्झबर्गच्या तुरुंगात गेली. तेथून ती ताप घेऊनच बाहेर आली आणि 22 फेब्रुवारी 1914 रोजी वारली. त्याच तुरुंगात त्याच सुमारास कस्तुरबाही सक्तमजुरीची शिक्षा भोगीत होत्या. त्या सुटून आल्या तेव्हा हाडांचा सापळा उरला होता. पुढे बरोबर तीस वर्षांनी, 22 फेब्रुवारी 1944 रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, पुण्याच्या आगाखान महालातील बंदिवासात कस्तुरबांनी देह ठेवला.

आगाखान महाल ही काही काळकोठडी नव्हती. तेथे डॉक्टर गिल्डर आणि डॉक्टर सुशीला नायर हे दोघे स्वतः कैदी म्हणून हजर होते. कस्तुरबांचे नाव साऱ्या जगाला ठाऊक होते. असे असूनही 1943 च्या डिसेंबरपासून त्यांचे हृदय थकत चालले, तेव्हा परिचारिका हवी, वैद्य हवा, निसर्गोपचाराचे डॉक्टर दिनशा मेहता हवेत, एवढ्यासाठी सरकारला पत्रामागून पत्रे लिहावी लागली. वैद्य शिव शर्मांना परवानगी मिळाली, पण रात्री आत राहू देण्यास सरकार राजी नव्हते. तेव्हा रोगी जवळ असावा म्हणून वैद्यराज फाटकाबाहेर आपल्या मोटारीत निजत. कस्तुरबा गेल्यानंतर विलायतेच्या पार्लमेंटात सांगण्यात आले की त्यांना शक्य ती सर्व वैद्यकीय मदत मिळत होती. गांधीजींनी ते निवेदन खोडून काढणारे पत्र लिहिले. ही सारी हकीकत आपणांस कळते, कारण आत लिहिणारी माणसे होती. आम्ही श्रोत्यांस विचारतो : महात्म्याच्या पत्नीच्या वैद्याला फाटकाबाहेर निजावे लागले, तर राळेगावच्या किंवा झरी-जामणीच्या एखाद्या कोलाम बाईसाठी कोण फाटकावर उभे राहिले असेल ?

येथे कामगार चळवळीतील एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. कारखान्यातील बाळंतिणीला रजा आणि पैसा मिळावा म्हणून 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक आले. डॉक्टर आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि 1929 साली तो कायदा झाला. मध्यप्रांतात 1930 साली तसाच कायदा झाला. म्हणजे गिरणीतल्या बाईचे बाळंतपण ही सरकारची व मालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व मान्य होऊन शंभर वर्षे होत आली. तुरुंगातल्या बाईच्या बाळंतपणाविषयी सर्वोच्च न्यायालयाचा स्पष्ट हुकूम निघाला तो 13 एप्रिल 2006 रोजी, आर. डी. उपाध्याय यांच्या खटल्यात. मधली पाऊणशे वर्षे कोठे गेली ? गिरणीतली बाई संप करू शकत होती. तुरुंगातल्या बाईचा संप कोणाला दिसतही नाही.

तो 2006 चा हुकूम श्रोत्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. गरोदर बाईला तुरुंगात धाडण्यापूर्वी तेथे प्रसूतीची आणि आधीनंतरच्या देखभालीची किमान सोय आहे की नाही हे पाहावे. बाई गरोदर आहे असा संशय आला तरी जिल्हा सरकारी रुग्णालयाच्या स्त्री-विभागात तिची तपासणी करवावी. होता होईतो बाळंतपण तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात व्हावे. आणि मूल आत जन्मलेच, तर त्याच्या जन्मदाखल्यावर तुरुंगाचा पत्ता येऊ नये. या शेवटच्या वाक्यात न्यायालयाचे मन दिसते. आईच्या शिक्षेचा डाग लेकराच्या कागदाला लागू नये, एवढा बारकावा त्यात आहे.

परंतु असे हुकूम आपोआप निघत नाहीत. शीला बारसे या पत्रकार बाईंनी मुंबईतल्या पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेबाईंनी ते पत्राने सर्वोच्च न्यायालयास कळविले आणि त्यावर 1983 साली बायकांसाठी वेगळ्या कोठड्या व स्त्री-पोलिसांचा पहारा यांचा हुकूम झाला. 1996 साली उपचारावाचून कोणास परत पाठवू नये आणि पैशाची सबब सांगू नये, असा निकाल बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेने मिळविला. एक पत्र आणि एक मजूर संघटना ! आमच्यासारख्यांस यात धीर येतो.

हुकूम झाले, मग आता अडते कोठे ? 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5 लाख 73 हजारांवर माणसे होती, त्यांत बायका सुमारे 23 हजार 700. शंभरात चार. सारी अडचण या चार आकड्यात आहे. चार जणींसाठी स्वतंत्र स्त्री-डॉक्टर कशाला, वेगळे रुग्णालय कशाला, असे हिशेबनीस म्हणतो. मग जिल्ह्याच्या ठिकाणी काय घडते ते पाहा. बाईने दुखणे पहारेकरणीला सांगावयाचे, तिने जेलरला, जेलरने डॉक्टरला. डॉक्टर पुरुष असला तर बाई डोकेदुखी सांगते आणि पोटाखालचे दुखणे गिळते. बाहेरच्या रुग्णालयात न्यावयाचे तर सोबत स्त्री-पोलीस हव्यात. त्या त्या दिवशी बंदोबस्तावर असल्या की तारीख पुढे गेली. पुढल्या तारखेला डॉक्टर दुसरे, चिठ्ठी हरवलेली. यात दुष्ट माणूस एकही नसेल, आणि तरी बाई तीन महिने तशीच राहील.

आमच्या वऱ्हाडात यात आणखी भर आहे. येथील आदिवासी आणि गरीब समाजात सिकलसेलचा आजार पुष्कळ. थंडी, श्रम, पाणी कमी पडणे एवढ्यानेही त्याच्या रोग्याला असह्य कळा सुटतात, आणि गरोदरपणात तर जिवावर बेतते. ज्या बाईची पहिल्या दिवशी नीट तपासणी झाली नाही, तिच्या कळा पहारेकरणीस सोंग वाटल्या तर नवल काय ? मोर्चात पकडल्या गेलेल्या आमच्या एका कार्यकर्त्या बाईची रक्तदाबाची गोळी एका ठिकाणी झडतीच्या वेळी पिशवीबरोबर फाटकावरच ठेवून घेतली होती. तिसऱ्या दिवशी ती भोवळ येऊन पडली, तेव्हा पिशवी उघडली गेली. तिच्या पाठीशी संघटना होती, वकील होता. जिच्या पाठीशी कोणी नाही तिची पिशवी कोण उघडणार ?

अलीकडची दोन नावे विदर्भातलीच आहेत. कांचन नन्नावरे ही आदिवासी कार्यकर्ती 2014 साली माओवादी संबंधांच्या आरोपाखाली पकडली गेली. तिला हृदयविकार होता. जामिनाचे अर्ज फेटाळले गेले. आजारपणासाठी केलेला अर्ज उच्च न्यायालयापुढे असतानाच 24 जानेवारी 2021 रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात ती वारली. सहा वर्षांहून अधिक काळ ती आत होती, आणि मेली तेव्हाही कच्चीच कैदी होती. नागपूरच्या प्राध्यापिका शोमा सेन जून 2018 मध्ये पकडल्या गेल्या. 5 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला, तेव्हा त्यांचे वय आणि आजार यांचाही विचार केला. यांच्या राजकारणाशी आपले जमो वा न जमो, तो आजचा प्रश्न नव्हे. आरोप खरा की खोटा हे न्यायाधीशाने ठरवावयाचे. परंतु हृदय बिघडले आहे की नाही हे डॉक्टरने ठरवावयाचे, आणि ते वेळेवर.

येथे कोणी म्हणेल, “घरी राबणाऱ्या सज्जन बाईला औषध मिळत नाही, आणि तुम्ही गुन्हेगारणीची काळजी करता !” आक्षेप वजनदार आहे. त्याला आमचे उत्तर असे. घरची बाई निदान उसनवार करून, पायपीट करून सरकारी दवाखाना गाठू शकते. तुरुंगातल्या बाईची ती वाट सरकारने कुलूप लावून बंद केलेली आहे. ज्याने दार लावले त्यानेच औषध आणून दिले पाहिजे. ही दया नव्हे, हे देणे आहे. न्यायाधीशाने तिला कैद दिली, दुखणे दिलेले नाही. शिवाय देशातील चार कैद्यांत तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अद्याप शाबीतही झालेला नाही.

मग आपण नगरवासीयांनी काय करावे ? फार थोडे, पण नेमाने. आपल्या गावात जिल्हा कारागृह आहे आणि 1989 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दोहोंत अंतर फार नाही. ते अंतर एका बाईला किती दिवसांत तोडता येते, एवढे विचारावे. स्त्री-डॉक्टर बायकांच्या बराकीत कोणत्या वारी येते ? नव्या बाईची तपासणी आल्या दिवशी होते काय, आणि ती कोण लिहितो ? रुग्णालयाच्या किती तारखा सोबत पोलीस नसल्याने चुकल्या ? तुरुंगांवर अभ्यागत नेमण्याची प्रथा जुनी आहे, जिल्हा न्यायाधीशही तेथे भेट देतात. त्यांच्या हाती हे प्रश्न लेखी द्यावेत. 1987 च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, हे तुरुंगात जाणाऱ्या बाईच्या घरच्यांस सांगावे. आमच्या स्त्री-डॉक्टर भगिनींनी महिन्याचा एक दिवस त्या भिंतीआड देऊ केला, तर त्याहून मोठे पुण्य आम्हांस ठाऊक नाही.

वैद्यांची मोटार एकदा फाटकाबाहेर रात्रभर उभी राहिली, त्याला ऐंशी वर्षे उलटून गेली. फाटक आता आपल्याच सरकारचे आहे. ते डॉक्टरसाठी वेळेवर उघडते की नाही, याची नोंद ठेवणे आपले काम आहे.