ज्ञानावरचा कर आणि एका पेनीचे वर्तमानपत्र | दीर्घ धागा

१८३२ साली मँचेस्टरमधील एबल हेवूड या बावीस वर्षांच्या पुस्तकविक्रेत्याला ४८ पाउंडांचा दंड झाला. दंड भरण्याचे नाकारून त्याने चार महिन्यांचा तुरुंगवास पत्करला. त्याने चोरी केली नव्हती, दंगलही घडवली नव्हती. 'पुअर मॅन्स गार्डियन' नावाचे, एक पेनी किमतीचे साप्ताहिक तो विकत होता आणि त्या साप्ताहिकाच्या कागदावर सरकारी ठसा नव्हता.

व्हिक्टोरिया राणी सिंहासनावर येण्यापूर्वीच्या या प्रकरणापासून सुरुवात करण्याला कारण आहे. व्हिक्टोरियन काळातील लोकप्रिय पत्रकारितेचा इतिहास बहुधा वाफेची यंत्रे, आगगाड्या आणि शाळा यांच्या आधारे सांगितला जातो. ही साधने खरीच. परंतु वर्तमानपत्र स्वस्त होण्याच्या आड यंत्राइतकाच कायदाही उभा होता.

इंग्लंडमध्ये वर्तमानपत्रांवर मुद्रांक-कर १७१२ पासून होता. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या अखेरीस, १८१५ मध्ये, तो प्रत्येक अंकामागे चार पेन्स झाला. छपाईचे कोरे कागद आधी मुद्रांक-कार्यालयाचा ठसा उमटवून घ्यावे लागत आणि मगच छापावे लागत. त्याशिवाय कागदावर वेगळा कर आणि प्रत्येक जाहिरातीवर आणखी वेगळा. परिणामी 'टाइम्स'चा एक अंक सात पेन्सला पडे. बारा पेन्सचा एक शिलिंग होत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे गिरणीतल्या मजुराला रोजचे वर्तमानपत्र विकत घेणे का शक्य नव्हते, ते उमगते. या करांना विरोधकांनी 'ज्ञानावरचे कर' असे नाव दिले आणि ते नाव टिकले.

हा कर केवळ महसुलासाठी नव्हता. १८१९ मध्ये, मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर घोडदळाने जमावावर तलवारी चालवल्यानंतर काही महिन्यांतच, संसदेने जे सहा दडपशाहीचे कायदे केले, त्यांपैकी एक वर्तमानपत्रांविषयी होता. सहा पेन्सहून कमी किमतीचे, सव्वीस दिवसांच्या आत पुन्हा निघणारे आणि वार्ता वा राज्यकारभारावर मत देणारे पत्र म्हणजे वर्तमानपत्र, अशी व्याख्या त्यात झाली. अशा प्रकाशकांकडून लंडनमध्ये ३०० पाउंडांचा जामीनही मागण्यात आला. महागड्या नियतकालिकाने राजकारणाची चर्चा केली तर चालेल, स्वस्ताने केली तर चालणार नाही, हा या व्याख्येचा सरळ अर्थ. गरिबाने विचार करू नये, असे कायद्याने याहून स्पष्टपणे क्वचितच लिहिले असेल.

'पुअर मॅन्स गार्डियन'चा प्रकाशक हेन्री हेदरिंग्टन हा व्यवसायाने मुद्रक. १८३१ मध्ये पत्र सुरू करताना आपण कायदा मोडत आहोत, हे त्याने शीर्षकाखालीच छापले. सरकारी ठशाच्या जागी त्याने छापखान्याचे चित्र घातले आणि ज्ञान हीच शक्ती, या अर्थाचे शब्द त्याभोवती कोरले. पोलिसांना चुकवण्यासाठी तो कधी क्वेकर पंथीयाच्या वेषात वावरे. छापखान्यातून रद्दीची गाठोडी मुद्दाम दारातून बाहेर काढली जात. पोलीस त्यांच्या मागे धावले, की खरे अंक दुसऱ्या वाटेने निघून जात. या साऱ्याला गंमतीची छटा असली, तरी किंमत खरी होती. हेदरिंग्टन एकाहून अधिक वेळा तुरुंगात गेला आणि विनाठसा पत्रे विकल्याबद्दल सातशेहून अधिक माणसांना कैद झाली. त्यांतील बहुतेक रस्त्यावरचे फिरते विक्रेते होते. त्यांची नावे कोणत्याही शीर्षकाखाली छापली गेली नाहीत.

याच सुमारास सुधारक श्रीमंतांनीही एक पेनीचे पत्र काढले. उपयुक्त ज्ञानाचा प्रसार करणाऱ्या मंडळीच्या वतीने चार्ल्स नाइट याने मार्च १८३२ मध्ये 'पेनी मॅगझिन' सुरू केले. प्राणी, शिल्पे, यंत्रे, दूरचे देश आणि त्यांची लाकडी ठशांवरून छापलेली सुबक चित्रे असा त्याचा मजकूर. पहिल्याच वर्षी खप दोन लाखांवर गेला. वार्ता आणि राजकारण त्यात नसल्याने मुद्रांकाचा प्रश्नच नव्हता. (बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत निघाले. त्यांचे १८४० चे मासिक 'दिग्दर्शन' आणि पुढे १८५० मधील 'मराठी ज्ञानप्रसारक' यांचा ज्ञानप्रसाराचा सूर नाइटच्या पत्राशी जवळचे नाते सांगतो.) कामगार पुढाऱ्यांनी मात्र 'पेनी मॅगझिन'ची भरपूर टिंगल केली. भाकरीच्या प्रश्नावर बोलू न देता माणसाला कांगारूचे चित्र दाखवावे, हे त्यांना पटणारे नव्हते. टीका काहीशी अन्यायाची आहे. दोन लाख घरांत चित्र पोहोचणे ही लहान गोष्ट नव्हे. पण रोख बरोबर होता.

१८३६ मध्ये सरकारने मुद्रांक-कर चार पेन्सवरून एका पेनीवर आणला. पाठ्यपुस्तकांत याची नोंद उदार सुधारणा म्हणून येते. प्रत्यक्षात त्याच कायद्याने विनाठसा छपाईवरील शिक्षा कडक केल्या आणि यंत्रे जप्त करण्याचे अधिकारही दिले. 'टाइम्स' सातवरून पाच पेन्सवर उतरला. बेकायदा पत्रांना मात्र ठसा घ्यावा लागला, किंमत वाढवावी लागली, आणि त्यांतील बहुतेक मिटली. तुरुंगाने जे साधले नाही, ते सवलतीने साधले.

चार्टिस्ट चळवळीचे 'नॉर्दर्न स्टार' १८३७ मध्ये निघाले, ते ठसा घेऊन आणि साडेचार पेन्सला. तरीही १८३९ मध्ये त्याचा खप आठवड्याला तीस हजारांच्या वर गेला होता. मजूर वर्गणी काढून एक अंक घेत आणि कोणीतरी तो मोठ्याने वाची. गावोगावी जमून 'केसरी' ऐकणाऱ्यांची आठवण ज्या घरांत आहे, त्यांना हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. खपाच्या आकड्यावरून अशा पत्राचे वाचक मोजताच येत नाहीत.

पुढची पंधरावीस वर्षे सभा, अर्ज आणि संसदेतील प्रश्नोत्तरे यांत गेली. जाहिरातीवरचा कर १८५३ मध्ये गेला, मुद्रांक-कर १८५५ मध्ये. कागदावरचा कर रद्द करण्याचे विधेयक उमरावांच्या सभागृहाने १८६० मध्ये फेटाळले, तेव्हा अर्थमंत्री ग्लॅडस्टनने पुढच्या वर्षी सर्व करप्रस्ताव एकाच विधेयकात बांधले. आता नाकारायचे तर संपूर्ण अंदाजपत्रकच नाकारावे लागले असते. कागद करमुक्त झाला. १८१९ च्या जामिनाची अट उरली होती, तीही १८६९ मध्ये गेली.

येथे क्षणभर हिंदुस्थानकडे पाहणे आवश्यक आहे. इंग्लंडने जामीन रद्द केल्याला नऊ वर्षे झाली होती, तोच १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील पत्रांच्या मुद्रक-प्रकाशकांकडून जामीन घेण्याचा कायदा केला. इंग्रजी भाषेतील पत्रे त्यातून वगळली होती. एकीकडे किमतीची रेषा, दुसरीकडे भाषेची, युक्ती तीच. विरोधी पक्षातील ग्लॅडस्टनने या कायद्यावर टीका केली आणि तो सत्तेवर आल्यानंतर, १८८२ मध्ये, तो रद्द झाला.

करमुक्तीचा परिणाम इंग्लंडमध्ये लगेच दिसला. जून १८५५ मध्ये निघालेला 'डेली टेलिग्राफ' सप्टेंबरात एका पेनीला मिळू लागला. 'मँचेस्टर गार्डियन' त्याच वर्षी दैनिक झाला आणि १८५७ मध्ये पेनीवर आला. भयकथांच्या स्वस्त पुस्तिका काढून नावारूपाला आलेला एडवर्ड लॉइड याने आपल्या रविवारच्या साप्ताहिकासाठी अमेरिकेहून चक्राकार छपाईयंत्र आणवले. चिंध्यांपासूनचा कागद पुरेना, तेव्हा अल्जीरियातील एस्पार्टो गवतापासून कागद बनवण्याची व्यवस्थाही त्याने केली. १८९६ मध्ये त्याच्या साप्ताहिकाचा खप दहा लाखांवर पोहोचला.

१८७० च्या शिक्षण कायद्याने वाचक जन्माला घातले, हे वाक्य वारंवार ऐकू येते. ते निम्मेच खरे. १८४१ मध्येच विवाहाच्या नोंदवहीत स्वतःची सही करणारे नवरदेव सुमारे ६७ टक्के आणि नवऱ्या ५१ टक्के होत्या. वाचक होता, त्याच्या खिशाला परवडेल असा कागद नव्हता.

तो कागद कोणता असावा, याचे उत्तर ऑक्टोबर १८८१ मध्ये मिळाले, तेही मँचेस्टरमध्येच. जॉर्ज न्यून्स हा शोभेच्या किरकोळ मालाचा विक्रेता. पत्र काढण्यास कोणी भांडवल देईना, म्हणून त्याने शाकाहारी भोजनालय उघडून पैसा उभा केला. त्याचे 'टिट-बिट्स' म्हणजे जगभरच्या पुस्तकांतून आणि पत्रांतून वेचलेले तुकडे: विनोद, किस्से, चमत्कारिक माहिती. सोळा पाने, किंमत एक पेनी. दोन स्थानकांमधल्या प्रवासात एखादा तुकडा सहज वाचून व्हावा. पुढे त्याने जाहीर केले, की रेल्वे-अपघातात मृत्यू पावलेल्या माणसाजवळ चालू अंक सापडल्यास वारसाला १०० पाउंड मिळतील. एका स्पर्धेचे बक्षीस तर लंडनजवळच्या डलिचमधील घर होते.

दुसऱ्या एका स्पर्धेचे बक्षीस 'टिट-बिट्स'मधील नोकरी हे होते. ती १८८४ मध्ये जिंकली आर्थर पिअर्सन या तरुणाने. त्याने पुढे स्वतःचे साप्ताहिक काढले आणि १९०० मध्ये 'डेली एक्सप्रेस'. 'टिट-बिट्स'साठी फुटकळ लेखन करणाऱ्या आल्फ्रेड हार्म्सवर्थने १८८८ मध्ये त्याच धाटणीचे 'आन्सर्स' काढले. अमुक दिवशी बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीत किती सोने-चांदी असेल, हे अचूक ओळखणाऱ्याला आयुष्यभर आठवड्याला एक पाउंड, अशी त्याची १८८९ ची स्पर्धा. उत्तराच्या पत्रावर पाच साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या. सात लाखांहून अधिक पत्रे आली. प्रत्येकामागे आणखी पाच माणसांच्या कानी 'आन्सर्स'चे नाव गेले. ही कल्पना धूर्त होती, आणि तितकीच नवीही.

अभिजनांनी या साऱ्याची हेटाळणी केली. हेटाळणीत वर्गाचा दर्प आहे, हे नाकारता येत नाही. दिवसभर राबून घरी निघालेल्या कारकुनाने गाडीत चुटके वाचले, तर त्यात पाप कोणते? तथापि हेदरिंग्टनच्या पत्राशी ताडून पाहिले, की एक फरक डोळ्यांत भरतो. त्याचा वाचक चळवळीतला सहकारी होता. न्यून्सचा वाचक ग्राहक होता. जाहिरातीचा कर गेल्यामुळे पत्राचा खर्च आता जाहिरातदार उचलू लागला होता आणि त्याला वाचकाच्या मतापेक्षा वाचकांच्या संख्येत अधिक रस होता. १८९६ च्या मे महिन्यात हार्म्सवर्थने 'डेली मेल' काढला, अर्ध्या पेनीला. पहिल्या दिवशी ३,९७,२१५ प्रती खपल्या.

एबल हेवूड तोवर हयात नव्हता. तुरुंगातून सुटल्यावर त्याने विक्रीचा मोठा व्यवसाय उभारला, दोनदा मँचेस्टरचा महापौर झाला आणि १८९३ मध्ये वारला. शहराच्या नगरभवनातील मोठ्या घंटेला त्याचेच नाव आहे. हार्म्सवर्थ पुढे लॉर्ड नॉर्थक्लिफ झाला. १९०८ मध्ये त्याने 'टाइम्स' विकत घेतला आणि १९१४ च्या मार्चमध्ये त्याची किंमत एक पेनी केली.